झांज थांबली नव्हती

उज्वला फोनवर बोलता बोलता हसली आणि शेखरचा इस्त्रीचा हात शर्टाच्या कॉलरवरच थांबला. हसणं तसं साधंच. आधी नाकातून थोडी हवा सुटली, ती आवरायला गेली, आवरलं नाही, आणि मग हसू मोकळं झालं. ते त्याच्या ओळखीचं होतं. लग्नानंतर सिडकोतल्या एका खोलीत राहायचे तेव्हा ते त्याच्या वाट्याला यायचं, दूध उतू गेलं तरी यायचं, शेजारच्यांचा रेडिओ खरखरला तरी यायचं. मग कधी बंद झालं कळलं नाही. पंखा बंद पडला की थोड्या वेळानं उकडायला लागतं आणि मग माणूस वर बघतो, तसं त्याचं झालं होतं. आता तिकडे, स्वयंपाकघरात, ते हसू दुसऱ्या कुणाला तरी मिळत होतं. "नाही रे, आज क्लासला उशीर होईल. ह्यांची साक्ष आहे ना आज," ती म्हणत होती. त्या एवढ्याशा 'रे'पाशी शेखर अडकला. त्याला आयुष्यभर 'अहो' मिळालं होतं. 'अहो'त मान असतो, जेवायला बोलावणं असतं, गॅस संपल्याची बातमी असते. 'रे'मध्ये काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण ते त्याला कधी मिळालंच नव्हतं.

"अहो, जळतंय ना!" उज्वला धावत आली, तिनं इस्त्री उचलली. कॉलरवर बदामी डाग उमटला होता. "लक्ष कुठेय? दुसरा काढा, तो आकाशी."

"कोण होतं?"

"सुयश. म्हणाला, काकांना सांगा, शपथ घेताना स्वर सोडू नका, काळी एक धरा." ती परत हसली, पण हे हसू वेगळं, घरातलं. शेखरही हसला. हसायच्या जागी तो बरोबर हसला. त्याला ते जमत होतं. गेले कित्येक महिने तो असाच हसत होता, भाजी चांगली झाली म्हणत होता, तिला क्लासला सोडत होता, 'रंगलं का आज?' विचारत होता. आणि आत काहीतरी कण्हत, घुसमटत पडून होतं, त्याचा आवाज बाहेर कुणालाही येत नव्हता.

हा सुयश मंदिरातला नवा पेटीवाला. म्हातारे पेटीवाले काका वारले, त्यांच्या जागी आला. दाढी राखलेला, तरुण, चुरगळलेला कुर्ता घालणारा. उज्वलाला सगळ्यांसमोर 'ताई' म्हणायचा आणि पायाही पडायचा. त्यात बोट ठेवायला काही नव्हतं, हीच तर अडचण होती. उज्वला उशिरानं, क्लास लावून, कीर्तन शिकायला लागली. आवाज तिचा आधीपासून गोड, पण तो देवघरापुरता. आता ती मंदिरात उभी राहून पूर्वरंगाचं निरूपण करायची, चिपळ्या धरायची, आणि सुयश पेटीवर बोटं ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसायचा, ती पुढचा स्वर कुठे घेईल ते आधीच ओळखून तिथे जाऊन थांबायचा. शेखर वीस वर्षं त्या मंदिरात तबला वाजवत होता. पण त्याचा तबला काळी एकचा, पुरुषांच्या पट्टीचा. उज्वलाची पट्टी काळी चार. तेवढा चढवला तर वरची कातड्याची पुडी फाटेल. तिच्यासाठी लहान तोंडाचा दुसरा तबला हवा होता. तो त्यानं आणला नव्हता. 'बघू' म्हणाला होता. म्हणून तिच्या कीर्तनाला दुसराच कुणी तबल्यावर बसे, आणि शेखर श्रोत्यांत, सतरंजीच्या कडेला, मांडीवर बोटं वाजवत. तिथून त्याला दोघंही दिसायची. हरिनामाच्या जागी बसून माणसानं काय काय बघावं! त्याला लाज वाटायची. देवाकडे बघून तो मनात म्हणायचा, तूच बघ रे बाबा, मला हे बघवत नाही. आणि परत बघायचा.

आजची साक्ष झुंबरच्या खटल्यातली. झुंबर म्हणजे त्याच मंदिरातला झांजवाला. मूळ पिंपळगाव बसवंतचा, तिथल्या पॅकहाउसचा द्राक्षाच्या पेट्या भरलेला टेम्पो चालवायचा, मग इकडे अंबडला एका कंपनीची गाडी मिळाली म्हणून बायकोला, भाग्यश्रीला, घेऊन सिडकोत राहायला आला. अंगानं दणकट, बोलायला मवाळ. कीर्तनकार बुवांच्या मागे डावीकडे शेखर तबल्यावर, उजवीकडे पेटीवाले काका, आणि मध्ये झुंबर झांज घेऊन उभा. त्या संध्याकाळी पूर्वरंग संपला, मध्ये नामस्मरण झालं, बुवांना बुक्का लागला, हार घातला, माणसं पाया पडायला पुढे सरकली. त्या गडबडीत गोटीराम नावाचा झुंबरचा गाववाला आला, त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "तुझी बायको गंगापूर रोडला एकाच्या गाडीवर पाहिली. दुसऱ्यांदा पाहिली, म्हणून सांगतो." सांगितलं आणि गेला. त्याच संध्याकाळी झुंबरनं भाग्यश्रीला घरी गळा दाबून मारलं आणि स्वतः चौकीवर जाऊन बसला. पोलिसांनी शेखरचा जबाब घेतला तेव्हा त्यानं तबल्याजवळ ऐकलेलं सगळं सांगितलं, गोटीराम काय बोलला ते. त्यानंतर झुंबर घरी गेला, असं हवालदारानं लिहून घेतलं. मध्ये काय झालं हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि शेखरनंही सांगितलं नव्हतं.

पण झुंबरच्या वकिलाचा सगळा जीव त्या मधल्या जागेत होता. झुंबरच्या आईनं, धोंडाबाईनं, त्या वकिलाला शेखरच्या घरी आणलं. म्हातारी सोफ्यावर बसेना, खालीच बसली. "एकुलतं हाय वो माझं. सून गेली ती गेली, तिचं वाईटच झालं, म्या नाय म्हणत नाय. पण ह्यो बी गेला तर म्या कुणाच्या तोंडाकडं बघू?" आणि वकील, चहाचा कप बशीत नीट ठेवत, हळू आवाजात समजावत होता, "हे बघा, मारलं हे आम्ही नाकारतच नाही. प्रश्न एवढाच की कसं मारलं. कायदा म्हणतो, एकाएकी, जबरदस्त चिथावणी मिळाली, माणसाचा स्वतःवर ताबा राहिला नाही आणि त्या भरात हातून घडलं, तर तो खून नाही. सदोष मनुष्यवध. शिक्षा होते, पण माणूस परत येतो. मात्र मध्ये डोकं थंड व्हायला वेळ मिळालेला नको. आता गोटीरामनं सांगितलं आणि झुंबर झांज टाकून तडक निघून गेला, असं दिसलं पाहिजे. पेटीवाले वारले. बुवांची पाठ होती. श्रोते बुवांकडे बघतात, झांजवाल्याकडे कोण बघतं? तुम्ही एकटेच. आणि तुम्हाला खोटं बोला असं मी म्हणतच नाही. मी विचारीन, तो निघून गेला ना? तुम्ही म्हणायचं, हो. गेलाच तो."

शेखरनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. आणि त्याचं कारण धोंडाबाईची दया हे नव्हतं, निदान तेवढंच नव्हतं. वकील बोलत असताना त्याला आत कुठेतरी गार वाटलं होतं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. ताबा राहिला नाही. भरात घडलं. म्हणजे असं असतं तर! कायद्यालाही ठाऊक आहे की पुरुषाच्या आत एक जागा अशी असते जिथे तो स्वतः नसतो. मोठमोठ्या लोकांनी विचार करून ते लिहून ठेवलंय. मग आपल्याला जे होतं, रात्री ती कूस बदलते आणि झोपेत काही पुटपुटते तेव्हा जे होतं, तिचा फोन पालथा ठेवलेला दिसला की तळहाताला जी मुंग्यांसारखी ऊब येते, ते काही आपलं पाप नाही. ते आपण नाहीच. एकदा ती बेसिनपाशी वाकून तोंड धूत होती, मानेवर ओले केस चिकटलेले, आणि तो मागे उभा होता, टॉवेल घेऊन. काही झालं नाही. त्यानं टॉवेल दिला. पण टॉवेल देणारा हात आणि तो दुसरा, न उचललेला हात, ह्यांतला आपला कुठला, हे त्याला दिवसभर सुटलं नव्हतं. झुंबर सुटावा असं त्याला वाटत होतं. झुंबर सुटला असता तर तोही सुटला असता.

स्कूटरवर उज्वला मागे बसली. तिनं कामावर रजाच टाकली होती. भाग्यश्री तिची मैत्रीण होती, दोघी बुधवारच्या बाजाराला बरोबर जायच्या. मायको सर्कलच्या गर्दीत स्कूटर थांबली तेव्हा ती त्याच्या खांद्यावरून म्हणाली, "ती खरंच कुणाबरोबर जायची का, असं मला सगळे विचारतात. आमच्या क्लासमधल्या बायकासुद्धा."

"मग? जायची का?"

"मला माहीत नाही," उज्वला म्हणाली. "आणि मला ते माहीत करून घ्यायचंही नाही. माहीत करून घेतलं की त्याचा हिशोब सुरू होतो. गेली असेल तर एवढं, नसेल गेली तर तेवढं. ती मेली ना, अहो. चहात आलं जास्त घालायची, आणि वर म्हणायची, घसा सुटतो तुझा, पी."

सिग्नल सुटला. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता, नेहमीसारखा, हलका. हाच हात सुयशच्या पेटीवर ठेवून ती सूर दाखवते, हे त्याच्या मनात आलंच. एवढ्या बोलण्यानंतरही आलं. तिच्या डोळ्यांत पाणी आहे हे त्याला आरशात दिसत होतं आणि तरी तो विचार करत होता की हे असं, एवढं आतलं, ती सुयशलाही सांगते का.

कोर्टाच्या व्हरांड्यात धोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. शेखरला बघून तिनं दोन्ही हात जोडले, ते जोडलेलेच ठेवले. पोलीस झुंबरला घेऊन आले. वाळला होता. शेखरला बघून त्यानं मान किंचित हलवली. कीर्तनात ठेका धरायच्या आधी हलवायचा तशीच, 'घ्या, भाऊ' अशी. शेखरनं मान वळवली.

सरकारी वकिलांचे प्रश्न लवकर आटोपले. झुंबरला ओळखता का, गोटीराम आला होता का, काय बोलला. त्यांनाही मधली जागा दिसली नव्हती. मग धोंडाबाईचा वकील उठला, गाऊन सावरला, आणि गावाकडचा पाहुणा बोलतो तसा गोड बोलला, "तुम्ही आणि आरोपी एका मंदिरात बरीच वर्षं सेवा करता?"

"हो."

"आरोपीचं कुणाशी भांडण, शिवीगाळ, असं कधी पाहिलंत?"

"नाही."

"गोटीरामनं ते सांगितलं, त्याचा आरोपीला जबर धक्का बसला, हे तुमच्या लक्षात आलं?"

"चेहरा उतरला त्याचा. हो."

"आणि त्याबरोबर तो कीर्तन सोडून निघून गेला. बरोबर?"

हो म्हणायचं, एवढंच. जीभ तयार होती. पण त्या हो-च्या आधी जी एक श्वासाची जागा असते तिथे ते कीर्तन आलं, सगळं, अंगासकट. उदबत्ती, बुक्क्याचा वास, समोरच्या बायकांचे पंखे. बुवा पूर्वरंगात म्हणाले होते, "राग हा पाहुणा हो. येतो, आदळआपट करतो, दोन घास जेवतो आणि जातो. मत्सर घरजावई! तो उठत नाही. आणि गंमत बघा, त्याला वाढताना तुम्हालाच वाटतं, केवढं आपलं मन मोठं, केवढं सोसतो आपण!" लोक हसले होते. झुंबरही हसला होता. तेव्हा गोटीराम यायचा होता. मग हार, बुक्का, गोटीराम. आणि मग बुवांनी उत्तररंगाला सुरुवात केली, एका राजाच्या दोन राण्यांचं आख्यान, त्यातली थोरली धाकटीच्या महालाकडे खिडकीतून बघत राहते, दिवसचे दिवस, आणि तिच्या बागेतली झाडं सुकतात. झुंबरनं खाली ठेवलेली झांज उचलली. शेखरला वाटलं होतं, हा आता जाईल. नाही गेला. पहिला आघात पडला तो जागेवर. बुवा लय वाढवत गेले, शेखरचा हात शेवटी शेवटी अडखळला, वयानं असेल, आणि त्यानं सम शोधायला झुंबरच्या हातांकडे पाहिलं. ते हात मोजून उघडत होते, मोजून मिटत होते. त्या हातांच्या भरवशावर तबला परत वाटेवर आला. आख्यान संपलं, राण्यांचं मन जुळलं, बायकांनी डोळे पुसले. आरती झाली. झुंबरनं आरतीत वरचा सूर लावला. प्रसाद घेताना हात पुढे केला, तोही उजवाच, त्याखाली डावा. झांजेची दोरी गुंडाळून ती कापडात बांधली, आणि शेखरला म्हणाला, "आज लय रंगलं, भाऊ."

इतके दिवस शेखरनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. हे झुंबरच्या विरुद्ध जाईल, असं तो स्वतःला सांगत आला होता. पण आता, पिंजऱ्याच्या लाकडावर तळहात टेकून उभा असताना, त्याला दिसलं की ते त्याच्या स्वतःच्या विरुद्ध होतं. झुंबर तिथे होता. प्रत्येक आघाताला होता. आत सगळं ठरत असताना बाहेर ठेका चुकला नव्हता. ज्या जागी माणूस स्वतः नसतो अशी जागाच नाही. टॉवेल देणारा हात आणि दुसरा हात एकाच माणसाचे. टॉवेल देताना आपणही मोजतच होतो.

"साक्षीदार, ऐकलात ना प्रश्न?" जज्जबाईंनी विचारलं.

"ऐकला, मॅडम. नाही गेला तो."

वकिलाच्या चेहऱ्यावरचं गोड तसंच राहिलं, फक्त डोळे आत गेले. "नीट आठवा. गर्दी होती, गडबड होती. तुम्ही वाजवत होता."

"म्हणूनच. मी त्याच्या झांजेवर वाजवत होतो. सबंध उत्तररंगात तो होता. आरतीलाही होता. प्रसाद घेऊन गेला."

"म्हणजे त्याला काही वाटलंच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?" वकील आता तिखट झाला. "बायकोबद्दल असं ऐकून माणूस शांत उभा राहील?"

"वाटलं होतं ना," शेखर म्हणाला, आणि मग त्याला थांबता आलं नाही. "शांत नव्हता तो. पण ते धरून ठेवता येतं, साहेब. पाहिजे तेवढा वेळ धरता येतं. हसता येतं, जेवता येतं. बाहेर काही दिसत नाही. उलट सगळं जास्त नीट होतं. आणि हात उचलायचा की नाही, ते त्या सगळ्या वेळात आपल्यालाच विचारलेलं असतं."

"हे तुम्ही कशावरून सांगताय?" जज्जबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

शेखरनं वर पाहिलं. कोर्टात पंखा फिरत होता. त्याला समोर झुंबर दिसत होता, आणि मागच्या बाकावर, हातात पर्स घट्ट धरून, उज्वला. ती त्याच्याकडे बघत होती. असं तिनं बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. पूर्ण, न ढळता. ज्याच्यासाठी तो महिनोन् महिने जळत होता ते तिचं सगळं लक्ष आत्ता त्याच्याकडे होतं.

"पाहिलंत तेवढंच सांगा," जज्जबाई म्हणाल्या. "मत सांगू नका. ते शेवटचं घेऊ नका हो, लिहून." टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. कागदावर ते राहिलं नाही.

बाहेर धोंडाबाईनं त्याला अडवलं नाही. ती नुसती म्हणाली, "खरं बोललास ना रं?" तो मान हलवून हो म्हणाला. "मग काय बोलायचं म्या," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसत बसून राहिली. शेखर तिच्या पायाशी वाकला. तिनं पाय मागे घेतले.

उज्वला स्कूटरपाशी उभी होती. हेल्मेट तिनं घातलं नव्हतं.

"मॅडमना नाही सांगितलंत," ती म्हणाली. "मला सांगा. कशावरून?"

आजूबाजूला काळे कोट, झेरॉक्सवाले, उसाच्या रसाची गाडी. अशा ठिकाणी कुणी असलं बोलतं का, असं त्याला वाटलं, आणि मग वाटलं, घरी तर मुळीच बोलता येणार नाही. "माझ्यावरून," तो म्हणाला. "तू. सुयश. म्हणजे तुझं काही नाही, मला ठाऊक आहे तुझं काही नाही. पण मी बघत बसतो. आणि मनात काय काय येतं. हातापर्यंत येतं."

ती रडेल असं त्याला वाटलं, नाहीतर ओरडेल. 'मी काय केलं?' असं विचारेल. ती तसं काही म्हणाली नाही. थोडी मागे सरली, एक पाऊलभर. त्या पावलाचं त्याला इतकं लागलं की त्यानं डोळे मिटले, पण ते पाऊल खरं होतं आणि त्यानंच ते कमावलं होतं.

"मी रिक्षानं क्लासला जाते," ती म्हणाली. "आख्यान बसवायचंय. सुयश असेल तिथे. तुम्हाला सांगून जातेय, पण विचारत नाहीये."

"बरं."

"तिथून घरी येईन."

"येशील ना?"

तिनं पर्स खांद्याला अडकवली. "येईन. पण मी येईन तेव्हा दार उघडं पाहिजे. सताड उघडं. जिन्यातून जाणाऱ्यायेणाऱ्याला आतलं दिसेल असं. आज, उद्या, मी सांगेपर्यंत. आणि उद्या आपण दोघं बुवांकडे जायचं आणि हे सगळं त्यांच्यासमोर बोलायचं. नाहीतर डॉक्टरकडे. कुठे ते तुम्ही ठरवा, पण जायचं."

तो हो म्हणाला. ती गेली. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा त्याच्या मनात आलंच, आता सुयश तिला पाणी देईल. आलं. ते येणं थांबलं नव्हतं. पण ह्या वेळी त्यानं स्वतःला तिथे उभं असलेलं पाहिलं, मोजत असलेलं.

घरी येऊन त्यानं दार उघडलं, ते भिंतीला टेकेपर्यंत लोटलं आणि परत येऊ नये म्हणून खाली चप्पल सरकवली. खुर्ची दारासमोर ओढली. दुपार होती. सोफा, देवघर, खुंटीवरचा तिचा गाऊन, सगळं जिन्याला दिसत होतं. वरच्या मजल्यावरची मुलं उतरताना आत डोकावून गेली. गॅसची टाकी नेणारा माणूस 'हाय का कोणी?' म्हणून गेला. समोरच्या साळूबाई मेथीची जुडी घेऊन बाहेर आल्या, थबकल्या.

"काय हो भाऊ, दार असं? कुणी यायचंय?"

"उज्वला."

"मग बेल वाजवेल की. धूळ येतेय सगळी."

"तिनंच सांगितलंय," शेखर म्हणाला. "उघडं ठेवायला." त्याला पुढे काहीतरी सांगायचं होतं, हसण्यावारी नेता येईल असं, आणि ते तयारही होतं. त्यानं ते सांगितलं नाही.

साळूबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं, खालच्या चपलेकडे पाहिलं. सिडकोत त्या चाळीस वर्षं राहत होत्या. आत जाऊन त्या पाट घेऊन आल्या, आपल्या उंबऱ्याबाहेर, बरोबर त्याच्या दारासमोर मांडला, आणि बसल्या. "इथंच निवडते मेथी," त्या म्हणाल्या. "येईस्तोवर."

"बसा," शेखर म्हणाला.